शिधा : न्यू साउथ वेल्समधील अन्नाच्या इतिहासावरील फलकांच्या प्रकल्प नोंदी

2 मार्च

आजपासून फलकांच्या कामाची नोंद ठेवायला सुरुवात करीत आहे. आमच्या सिडनीतील पॅरामाटा भागातील मराठी कुटुंबे दर महिन्याला ज्या सभागृहात जमतात, त्याच्या एका भिंतीवर आठ फलक लावायचे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये 1788 नंतर वसाहत करणाऱ्यांनी काय खाल्ले, काय प्याले आणि ते अन्न कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हा त्यांचा विषय आहे. हा विषय सुचला तो वाणसामान आणताना. ज्या हॅरिस पार्कमध्ये आपण तूरडाळ, पोहे आणि गुळाची ढेप घ्यायला जातो, तेथेच रूस स्ट्रीटवर एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज नावाचे जुने घर आहे, आणि या वसाहतीतील माणूस स्वतःच्या शेतावर पोट भरू शकतो का, याची पहिली परीक्षा त्या घराच्या भोवतालच्या जमिनीवर झाली. भारतीय दुकानांच्या गर्दीत वावरणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

पाककृतींचा इतिहास लिहायचा नाही, एवढे आजच ठरवले. ब्रिटिश रहिवासी तेथे काय शिजवत होते यापेक्षा ते अन्न कोण मोजून देत होते, हा प्रश्न मला मोठा वाटतो. पीठ, खारवलेले मांस, साखर, चहा आणि दारू या पाच वस्तूंचा माग वजनांसह काढायचा आणि प्रत्येक फलकावर ग्रॅम व किलोमधील आकडा द्यायचा, असा आराखडा आहे.

5 मार्च

पहिल्या फलकाचा मजकूर. ब्रिटनमधील कैद्यांना घेऊन आलेला अकरा जहाजांचा पहिला ताफा जानेवारी 1788 मध्ये बॉटनी बेला पोहोचला आणि 26 जानेवारीला सिडनी कोव्हमध्ये ध्वज उभारला गेला. या वसाहतीत सुरुवातीला बाजार नव्हता, दुकान नव्हते आणि चलनही जवळजवळ नव्हते. होते ते सरकारी कोठार. प्रौढ पुरुषाचा आठवड्याचा शिधा सात पौंड बिस्किट, एक पौंड पीठ, सात पौंड गोमांस किंवा चार पौंड डुकराचे मांस, तीन पाइंट वाटाणे आणि सहा औंस लोणी असा ठरलेला होता. किलोमध्ये सांगायचे तर बिस्किट सुमारे 3.2 किलो, डुकराचे मांस 1.8 किलो आणि लोणी 170 ग्रॅम. कैदी आणि त्यांच्यावर पहारा करणारे मरीन सैनिक यांना दारू वगळता सारखाच शिधा मिळत असे, आणि ही गोष्ट मरीनमधील अनेकांना अपमानाची वाटत होती. स्त्री कैद्यांना मात्र पुरुषांच्या शिध्याचा दोन तृतीयांश भाग मिळत होता. म्हणजे समतेचा हा हिशेब पहिल्याच वर्षी स्त्रियांपाशी येऊन थांबला होता.

कोठारातून चोरी करणे हा या समाजातील सर्वांत गंभीर गुन्ह्यांपैकी एक ठरला. 27 फेब्रुवारी 1788 रोजी, म्हणजे ध्वज उभारून जेमतेम महिना झालेला असताना, थॉमस बॅरेट या तरुण कैद्याला अन्नाच्या चोरीबद्दल फाशी देण्यात आली; या वसाहतीतील ती पहिली फाशी होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कोठारातून चोरी केल्याबद्दल सहा मरीन सैनिक एकाच दिवशी फासावर गेले. चोर आणि पहारेकरी दोघांनाही एकाच कोठाराने मारले, ही गोष्ट फलकावर ठळक अक्षरांत यायला हवी.

9 मार्च

आजचा संपूर्ण दिवस स्वयंपाकघरात गेला, आणि या प्रकल्पातील हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एप्रिल 1790 मधला शिधा मोजून पाहायचा होता. त्या वेळची परिस्थिती अशी होती. गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी ऑक्टोबर 1788 मध्ये ‘सिरियस’ हे जहाज पीठ आणण्यासाठी केप ऑफ गुड होपला पाठवले होते आणि ते पुढच्या मे महिन्यात परतलेही, पण त्याने आणलेले पीठ काही महिन्यांपुरतेच होते. इंग्लंडहून धान्य घेऊन निघालेले ‘गार्डियन’ हे जहाज डिसेंबर 1789 मध्ये दक्षिण महासागरात हिमनगावर आदळले. मार्च 1790 मध्ये ‘सिरियस’ नॉरफोक बेटापाशी खडकावर फुटले. वसाहतीजवळ आता ‘सप्लाय’ हे एकच लहान जहाज उरले, आणि तेही अन्न आणण्यासाठी बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) रवाना झाले. या अवस्थेत माणशी आठवड्याचा शिधा अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड डुकराचे मांस एवढ्यावर आणण्यात आला. दीड वर्षाहून मोठ्या मुलांनाही तेवढाच.

स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मी हे सारे मोजले. पीठ 1,134 ग्रॅम, तांदूळ 907 ग्रॅम, मांस 907 ग्रॅम. सात दिवसांत वाटले तर रोज 162 ग्रॅम पीठ, 130 ग्रॅम तांदूळ आणि तितकेच मांस. त्या पिठाच्या माझ्या चार मध्यम पोळ्या झाल्या आणि पाचवीसाठी लहानसा गोळा उरला. तांदळाने आमची नेहमीची वाटीही काठोकाठ भरली नाही. दिवसभर जंगलतोड करणाऱ्या माणसाचे हे दोन वेळचे जेवण होते. भाजी नाही, दूध नाही, तेल नाही. मांसाला सुटेल तेवढीच चरबी.

हे आकडे ताज्या धान्याचे आहेत, त्यांचे अन्न तसे नव्हते. वॉटकिन टेंच या मरीन अधिकाऱ्याने लिहून ठेवल्याप्रमाणे ते मांस तीन ते चार वर्षांपूर्वी खारवलेले होते आणि तांदळाचा प्रत्येक दाणा आतल्या किड्यांमुळे हलत होता. मांस उकळले की आकसून निम्मे होई, म्हणून लोक ते काट्यावर धरून विस्तवापुढे भाजत आणि गळणारा थेंबन् थेंब पावाच्या तुकड्यावर झेलून घेत. आपल्याकडे सोंडे लागलेले तांदूळ उन्हात घालून पाखडले जातात. येथे पाखडण्यात जाणारा कोंडादेखील कोणाला परवडण्यासारखा नव्हता.

फिलिप यांनी स्वतःजवळचे तीन हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे दीडशे किलो पीठ सार्वजनिक कोठारात जमा केले आणि आपल्या मेजावर शिध्यापलीकडे काही दिसू नये असे सांगितले. गव्हर्नरकडे जेवायला येणाऱ्याने स्वतःचा पाव बरोबर आणायचा, अशी पद्धत पडली. मला हा प्रसंग मनापासून आदराचा वाटतो आणि फलकावर तो त्याच आदराने मांडायचा आहे. मात्र त्याला लागूनच दुसरी ओळ लागेल : ज्या किनाऱ्यावर ही उपासमार चालली होती, त्या किनाऱ्यावर माणसे हजारो वर्षे जगत आली होती.

10 मार्च

ती दुसरी ओळ लिहायला घेतली आणि तिचा स्वतंत्र फलक करावा लागला.

सिडनीच्या खाडीभोवती राहणाऱ्या इओरा लोकांचे मुख्य अन्न मासे आणि शिंपले होते. पुरुष अनेक टोकांच्या भाल्याने मासे मारत. स्त्रिया झाडाच्या सालीच्या होडीत बसून, सालीच्या तंतूंची दोरी आणि शिंपल्याचा घासून केलेला गळ वापरून मासे धरत. होडीत चिकणमातीच्या थरावर लहानसा विस्तव तेवत ठेवलेला असे, आणि कडेवरच्या मुलाला तेथल्या तेथे मासा भाजून दिला जाई. इंग्रजांनी त्याच पाण्यात मोठी ओढजाळी टाकली. 1790 मध्ये एकदा दोन ओढींतच जवळजवळ चार हजार मासे निघाले. त्यांतले तीस-चाळीस इओरांमधील बेनेलाँग आणि त्याच्या सोबत्यांना सलोख्याची भेट म्हणून पाठवण्यात आले. सगळी खाडी ज्यांची, त्यांना शंभरातला एक मासा भेट म्हणून मिळाला.

‘अन्नाने भरलेल्या भूमीत इंग्रज अडाणीपणाने उपाशी मेले’ असे सरसकट लिहिण्याचा मोह येथे होतो, पण मी तसे लिहिणार नाही. त्यांनी कांगारूची शिकार केली, समुद्रकाठचे रानपालक शिजवले आणि एका रानवेलीच्या गोडसर पानांचा काढा करून त्याला चहा म्हटले. पण हजाराहून अधिक माणसे एकाच खाडीकाठी तळ ठोकून बसली, तर त्या खाडीचे अन्न पुरे पडणार नव्हते. इओरा लोक ऋतूंप्रमाणे जागा बदलत, त्यामागे हेच कारण होते. शिवाय एप्रिल 1789 मध्ये देवीच्या साथीने त्या लोकांचा फार मोठा भाग संपवला. शिकवू शकणारी माणसेच उरली नाहीत, हे कारण अन्नाच्या इतिहासात क्वचित सांगितले जाते.

16 मार्च

एक्सपेरिमेंट फार्मला जाऊन आले. आजचे कॉटेज 1830 च्या दशकातील असल्यामुळे जेम्स रूस यांनी ते पाहिलेले नाही, ही गोष्ट फलकावर स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे.

रूस हे कॉर्नवॉलचे शेतकाम जाणणारे कैदी होते. फिलिप यांनी नोव्हेंबर 1789 मध्ये त्यांना येथे जमीन, थोडे बियाणे आणि अवजारे दिली. 1791 च्या सुरुवातीला त्यांनी सरकारी कोठारातून धान्य घेणे बंद केले, आणि त्याच वर्षी त्यांना 30 एकर जमीन मिळाली. वसाहतीतील ते पहिले जमीनदान होते. त्यांची पद्धत टेंच यांनी विचारून नोंदवली आहे. तोडलेली झाडे जाळायची, राख मातीत मिसळायची, कुदळीने थोडी थोडी जमीन खणायची, ढेकळे फोडायची आणि गवत-तण तेथेच गाडायचे. नांगर नव्हता आणि शेणखतही नव्हते, कारण वसाहतीची गुरे 1788 मध्येच रानात पळाली होती. ती गुरे 1795 मध्ये नैर्ऋत्येकडच्या गवताळ भागात सापडली तेव्हा त्यांचा साठेक जनावरांचा कळप झाला होता. कोकणातील आपल्या राबाची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. फरक एवढाच की राब भाजणारा शेतकरी आपल्याच डोंगरावर असतो.

रूस यांनी 1793 मध्ये हे शेत न्यू साउथ वेल्स कोअर या वसाहतीतील सैन्यदलाचे शल्यवैद्य जॉन हॅरिस यांना 40 पौंडांना विकले. हॅरिस पार्क हे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे.

पुढे रूस हॉक्सबरी नदीकाठी गेले, आणि येथे गोष्ट गंभीर वळण घेते. त्या नदीच्या गाळाच्या काठांवर तेथले मूळ रहिवासी दरुग लोक कंद काढत असत. कंद खणून काढायचे आणि पुढच्या वर्षासाठी काही मागे ठेवायचे, अशी ती व्यवस्था होती. 1794 पासून वसाहतकारांनी नेमके तेच काठ घेतले आणि कंदांच्या जागी मका पेरला. मका तयार झाला तेव्हा दरुग माणसे तो न्यायला आली. त्यांच्या दृष्टीने ते आपल्या अन्नाच्या जागेवर आले होते. शेतकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. ‘मक्याची चोरी’ असा शब्द जुन्या कागदांत वारंवार भेटतो. फलकावर तो शब्द वापरायचा असेल, तर कंद कोणी नेले हेही त्याच वाक्यात आले पाहिजे.

18 मार्च

आज एक छोटी पण मनाला आनंद देणारी नोंद.

फिलिप यांनी 1791 मध्ये ‘अटलांटिक’ हे जहाज कलकत्त्याला पाठवले आणि ते जून 1792 मध्ये तांदूळ, सोजी आणि डाळ घेऊन परतले. इंग्रज अधिकाऱ्यांनी ‘सोजी’ आणि ‘डाळ’ हे शब्द कानांना जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत लिहून ठेवले. म्हणजे आपण ज्या गावात डाळ विकत घेतो, तेथे डाळीचा शिधा मिळू लागला त्याला सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. या सोजीचा पाव करून पाहिला, तर बारीक रव्याचा गोळा गव्हाच्या पिठासारखा फुगत नाही आणि पाव दगडासारखा होतो. ज्याने कधी सांजा किंवा शिरा पाहिला नाही, त्याच्या हाती हे रवाळ धान्य दिल्यावर त्याने काय केले असेल, याचा विचार करीत संध्याकाळी उपमा केला. या फलकावर बंगालच्या शेतकऱ्याचाही उल्लेख हवा. 1792 म्हणजे त्या प्रांतातील भीषण दुष्काळाला जेमतेम बावीस वर्षे झाली होती, आणि आता त्याच प्रांताचे धान्य दुसऱ्या वसाहतीची पोटे भरत होते.

23 मार्च

दारूचा फलक. येथे ‘रम’ हा शब्द कोणत्याही कडक दारूसाठी वापरला जात असे, आणि तिचा मोठा भाग बंगालमधून येत होता. चलन नसलेल्या समाजात दारू हेच चलन बनले. मजुरी तिच्यात दिली जाई आणि धान्य तिच्या मोबदल्यात घेतले जाई, तर जहाजांतून आलेली दारू घाऊक विकत घेण्याची मक्तेदारी न्यू साउथ वेल्स कोअरच्या अधिकाऱ्यांकडे होती. कोठारावर सरकारची सत्ता आणि पिंपावर अधिकाऱ्यांची, अशी वाटणी झाली. लहान शेतकऱ्याचा पीक हाती येण्यापूर्वीच पिंपाच्या कर्जात जीव अडके.

या फलकासाठी ‘सिडनी कोव्ह’ या जहाजाची हकिकत निवडली आहे. नोव्हेंबर 1796 मध्ये ते कलकत्त्याहून हजारो गॅलन दारू आणि इतर माल घेऊन निघाले. खलाशी बहुतेक भारतीय लष्कर होते. (समुद्रावरच्या भारतीय खलाशांना ‘लष्कर’ म्हणत, आपल्या वाचकांसाठी ही टीप आवश्यक आहे, नाहीतर ते सैन्य समजतील.) फेब्रुवारी 1797 मध्ये टास्मानियाच्या उत्तरेकडील बेटांपाशी जहाज बुडू लागले. माल किनाऱ्यावर काढताना दारूची पिंपे मुद्दाम शेजारच्या दुसऱ्या बेटावर ठेवली गेली, आणि त्या बेटाचे नाव आजही रम आयलंड आहे. मदत आणण्यासाठी एका होडीतून सतरा जण निघाले, त्यांतले बारा लष्कर होते. होडीही फुटली. मग ते आजच्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावरून सिडनीच्या दिशेने चालत निघाले. दोन महिन्यांच्या त्या वाटेवर अनेक ठिकाणी स्थानिक लोकांनी त्यांना मासे आणि शिंपले दिले व नद्या ओलांडून दिल्या. काही ठिकाणी संघर्षही झाला. मे महिन्यात तिघेच सिडनीजवळ पोहोचले. त्या तिघांमध्ये एक लष्कर होता.

हजारो गॅलन दारू बेटावर सांभाळली गेली आणि ती घेऊन येणारी माणसे रानात मेली. त्यांना जे अन्न मिळाले ते कोणत्याही कोठाराने दिलेले नव्हते. या संपूर्ण कामात मोजल्याशिवाय दिलेले अन्न मला येथेच प्रथम भेटले.

24 मार्च

दारूच्याच फलकाची पुरवणी. दारूच्या बदल्यात व्यवहार करण्यावर गव्हर्नर विल्यम ब्लाय यांनी 1807 मध्ये बंदी घातली आणि 26 जानेवारी 1808 रोजी कोअरने त्यांना पदच्युत केले. या बंडाला ‘रम रिबेलियन’ हे नाव बऱ्याच नंतर पडले. जमीन, सत्ता आणि व्यक्तिगत वैर ही कारणे दारूइतकीच मोठी होती. पुढच्या काळात गव्हर्नर मॅक्वारी यांनी सिडनीचे रुग्णालय बांधून घेतले, तेही कंत्राटदारांना दारू आयातीचा हक्क देऊन. एका परिच्छेदात हे संपवले.

30 मार्च

मेंढपाळांच्या शिध्याचा फलक. वसाहत डोंगरापलीकडे पसरली तेव्हा कोठाराची जागा मळेवाल्याच्या गोदामाने घेतली, आणि आठवड्याचा शिधा एका आकड्यात बांधला गेला : दहा, दहा, दोन, पाव. दहा पौंड पीठ, दहा पौंड मांस, दोन पौंड साखर, पाव पौंड चहा. पुन्हा वजनकाटा काढला. रोजचे पीठ आणि मांस प्रत्येकी 648 ग्रॅम, साखर 130 ग्रॅम आणि चहापत्ती 16 ग्रॅम. 1790 च्या तुलनेत पीठ चौपट आणि मांस पाचपट! ब्रिटनमधील शेतमजुराला इतके मांस स्वप्नातही मिळत नव्हते, आणि तेथून येऊ पाहणाऱ्यांसाठी हे मोठे आकर्षण होते. साखरेचे मात्र पाहा : 130 ग्रॅम म्हणजे दिवसाला सव्वीस चमचे. भाजी आणि फळ यांचे नाव या यादीत नाही.

अंगणात डॅम्पर भाजून पाहिला. पीठ, मीठ, पाणी. गोळा जाड थापायचा आणि निखारे बाजूला सारून गरम राखेत पुरायचा. पहिला बाहेरून करपला व आतून कच्चा राहिला, कारण मी निखाऱ्यांवरच ठेवला होता. दुसरा राखेत पूर्ण पुरला, तासाभराने काढून झटकला, तेव्हा ठोकल्यावर पोकळ आवाज आला. खानदेश-विदर्भात रोडगे भाजणाऱ्या बायाबापड्यांना हा आवाज शिकवावा लागणार नाही. रोडग्याला तूप आणि वांग्याची भाजी असते, मेंढपाळाच्या डॅम्परला मात्र खारे मांस आणि पत्र्याच्या डब्यात उकळलेला, दूध नसलेला, गोड चहा. हा चहा त्या काळी चीनहून येत होता. तीन-तीन आठवडे दुसऱ्या माणसाचे तोंड न पाहणाऱ्या माणसाला दिवसातून सात-आठ वेळा गरम पेय हाती धरता येत असे. 16 ग्रॅम पत्तीचा अर्थ मला तो डबा उकळताना कळला. एकोणिसाव्या शतकात माणशी चहा पिण्यात ऑस्ट्रेलियन वसाहती जगात अग्रभागी होत्या, त्यामागे हा शिधा आहे.

1 एप्रिल

शब्दाचा प्रश्न सुटत नाही. ‘शिधा’ म्हणावे की ‘रेशन’? शिधा हा शब्द न शिजवलेल्या अन्नाचा आहे. घेणारा स्वतः चूल मांडतो, म्हणून तो येथे अर्थाने चपखल बसतो. पेशवाईत नोकरीच्या मोबदल्यातही शिधा मिळत असे. पण त्याला आतिथ्याचा आणि दानाचा सुगंध आहे. रेशनला तो नाही. आईशी फोनवर बोलताना सहज विचारले, तर ती म्हणाली, “शिधा देणारा दाराशी येऊन देतो गं. रेशनला आपण रांगेत उभं राहायचं. बहात्तरच्या दुष्काळात मिलो आणायला मी उभी होते ना, दुकानदाराच्या हाताकडे बघत.” त्या वर्षी अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी महाराष्ट्रातील लाखो घरांनी खाल्ली, आणि आईच्या पिढीला तिची भाकर कशी थापता येत नसे हे अजून आठवते.

निर्णय : शीर्षक ‘शिधा’ ठेवायचे आणि सातव्या फलकापासून ‘रेशन’ वापरायचे. शब्द कोठे बदलतो, तेथे वाचकाने थांबावे.

6 एप्रिल

सातवा फलक. चार वेळा लिहिला आणि चार वेळा खोडला.

पीठ ही वस्तू या खंडात इंग्रजांनी आणली, असे वाटत असेल तर ते खरे नाही. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात कडी स्प्रिंग्ज येथे सुमारे 30,000 वर्षांपूर्वीचे, बिया दळण्यासाठी वापरलेले दगड सापडले आहेत. 1835 मध्ये डार्लिंग नदीकाठी गेलेल्या थॉमस मिचेल यांनी बियांसाठी उपटून रचलेल्या रानगवताच्या गंजी मैलच्या मैल पाहिल्या. दक्षिणेकडे, आजच्या व्हिक्टोरियात, मुर्नोंग नावाचा पिवळ्या फुलांचा कंद स्त्रिया काठीने खणून काढत. त्या खणण्यानेच माती भुसभुशीत राहत असे. 1835 नंतर तेथे मेंढ्या आल्या. मेंढ्यांनी कोवळी पाने खाल्ली, नाकाने उकरून कंदही खाल्ले आणि खुरांनी माती टणक केली. थोड्याच वर्षांत मुख्य अन्न संपले. मग ज्याच्या मेंढ्यांनी अन्न संपवले, त्याच्याच गोदामातून पीठ, साखर आणि चहा घ्यावा लागला. तेही काम केले तर, किंवा मळ्यापासून दूर न गेले तर.

1842 मध्ये, आजच्या क्वीन्सलँडमधील किलकॉय येथे, पिठात विष मिसळून दिल्यामुळे अनेक स्थानिक माणसे मेली. त्याच वर्षी गव्हर्नर गिप्स यांनी त्या भागातील बुन्या वृक्षांचा प्रदेश वसाहतीला बंद केला होता, कारण बुन्याच्या बियांसाठी दूरदूरच्या टोळ्या तेथे जमत आणि मोठे मेळे भरत. 1860 मध्ये क्वीन्सलँडच्या कायद्याने ते संरक्षण संपले. पुढे पीठ, साखर, चहा आणि तंबाखू यांचे वाटप सरकारी मंडळे आणि मिशनांकडे गेले; न्यू साउथ वेल्समध्ये असे मंडळ 1883 मध्ये स्थापन झाले. वाटप बंद करणे ही शिक्षा होऊ शकत होती, आणि वाटपाच्या जागेपाशी राहणे ही सक्ती. 1788 मध्ये कैद्यावर वापरलेला तराजू आता भूमीच्या मूळ लोकांवर आला, पण कैद्याची शिक्षा कधीतरी संपत असे.

मुले हा फलक वाचतील म्हणून विषाची गोष्ट गाळावी, असे फलकांच्या कामातील एका सहकाऱ्याने सुचवले. मी विचार केला. ती गोष्ट राहील, पण तिच्यासोबत चित्र नसेल.

12 एप्रिल

साखरेची ओळ आठव्या फलकात घातली. 1863 ते 1904 या काळात प्रशांत महासागरातील बेटांवरून सुमारे 62,000 करारांखाली मजूर, मुख्यतः क्वीन्सलँडच्या उसाच्या मळ्यांवर, आणले गेले. काहींना फसवून, काहींना पळवून. 1901 च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना परत पाठवण्याचे ठरले. दोन पौंडांच्या शिध्यात ही माणसेही आहेत.

14 एप्रिल

आठवा फलक : वेव्ह हिल. नॉर्दर्न टेरिटरीतील हे गुरांचे प्रचंड रान न्यू साउथ वेल्सपासून फार दूर आहे, पण शिधा जेथवर गेला तेथवर फलकांना जावे लागते. 23 ऑगस्ट 1966 रोजी व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली तेथल्या मूळ गुरिंजी समाजाचे गुराखी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांची कुटुंबे, मिळून सुमारे दोनशे माणसे, काम सोडून चालत निघाली. त्यांच्या श्रमाचा मोठा भाग पैशाऐवजी रेशनात दिला जात होता : खारे गोमांस आणि हाडे, पीठ, साखर, चहा. हजारो गुरे राखणाऱ्यांच्या वाट्याला हाडे येत. चांगली मजुरी आणि चांगले अन्न या मागण्या होत्या, पण लवकरच त्यांनी जमीनच मागितली आणि वॉटी क्रीकपाशी मुक्काम केला. 16 ऑगस्ट 1975 रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगिआरी यांच्या ओंजळीत माती ओतली. त्या छायाचित्राची प्रत वापरण्याची परवानगी मागितली आहे.

पुन्हा पुन्हा एका गोष्टीशी येऊन थांबते. 1788 ची यादी आणि 1966 ची यादी शेजारी ठेवली, तर बिस्किट, वाटाणे आणि लोण्याची जागा साखर आणि चहाने घेतली आहे. पीठ आणि खारे मांस मात्र 178 वर्षे जसेच्या तसे राहिले.

20 एप्रिल

फलकांचा क्रम आज बदलला. ध्वज आणि जहाजांपासून सुरुवात करणे मला आता पटत नाही. पॅरामाटा हे नाव दरुग लोकांच्या बरमट्टगल कुळावरून आले आहे आणि त्याचा अर्थ ईल मासे जेथे विसावतात ती जागा असा सांगितला जातो. गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या संगमावर आजही हे लांबट मासे येतात. तेव्हा पहिला फलक आपल्या नदीचा, सालीच्या होडीचा आणि शिंपल्याच्या गळाचा, दुसरा कोठाराचा, मग वजने. उपाशी वसाहतीचा फलक तिसरा, डाळीचा पाचवा. वेव्ह हिल शेवटीच राहील.

आता उरलेली कामे : पौंडांचे सर्व आकडे किलोमध्ये पुन्हा तपासणे, ‘लष्कर’वरची टीप मोठ्या अक्षरांत घालणे आणि तिसऱ्या फलकाखालच्या मेजावर 162 ग्रॅम पीठ, 130 ग्रॅम तांदूळ यांच्या दोन वाट्या ठेवणे. मांसाची वाटी रिकामी राहील, तिच्यावर फक्त वजन लिहिलेले असेल.